इंजिन ठणठणीत, मालक आजारी

बीएमडब्ल्यूची व्ही-८ इंजिनवाली एम-३, उत्पादन २००७ ते २०१३. इंजिन मिनिटाला आठ हजारांवर फेरे घेतं आणि मालकाची झोप रॉड बेअरिंग घेतात. म्हणून अमेरिकेतल्या गॅरेजात साहेब स्वतःच गाडीखाली शिरलेत. इंजिन वरून टांगलं, सबफ्रेम उतरवली, ऑइल पॅन काढला. आठ रॉडच्या बेअरिंगचे सोळा शेल हाती. झिजून तांबं दिसलं तर साहेबांना केवढा आनंद! धडधाकट निघाले की मात्र सुतकी चेहरा.

मग बेअरिंगमधली फट मोजायला प्लॅस्टिगेज. दोऱ्याएवढी मऊ तार क्रँकपिनवर ठेवायची, कॅप नेमक्या टॉर्कला आवळून पुन्हा सोडायची आणि तार किती चपटली ते कागदी पट्टीवर ताडायचं. मधे क्रँक जरा जरी हलला की माप फुकट. नेमका तेव्हाच शेजारी डोकावून विचारतो, "फिरतंय ना?" रॉडचे बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून दरवेळी नवे घ्यायचे. मजुरी वाचवायची तर एवढा खर्च आलाच.

अखेर स्टार्टर मारला. टिकटिक! साहेब पांढरेफटक. ती इंजेक्टरांची, गाडी घेतल्यापासून चालू आहे. पण तेव्हा कान देत कोण होतं? सबफ्रेम पुन्हा खाली.