माझगावच्या हिवाळ्यात बाळ रमवण्याची शास्त्रोक्त पद्धत

ही मार्गदर्शिका दीड ते तीन वर्षांच्या बालकांचे आईवडील, आजी-आजोबा आणि शेजारच्या खोलीतून अधूनमधून येऊन सल्ला देऊन जाणाऱ्या काकू यांच्यासाठी आहे. बालकांना वाचता येत नसल्याने त्यांच्या हरकती मागवलेल्या नाहीत.

१. हिवाळा सुरू झाल्याची खात्री करणे

मुंबईचा हिवाळा थर्मामीटरवर शोधू नये, तिथे तो सापडत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. त्या एका पहाटेच्या भरवशावर हे शहर आजतागायत स्वेटर विणत आले आहे. माझगाव तर बंदराला खेटून. इथे जानेवारीतसुद्धा पहाट बहुधा अठरा-वीस अंशांच्या खाली उतरायला कुरकुरते. म्हणून आकड्यांच्या नादी न लागता आजींकडे लक्ष ठेवावे. आजींनी “आज जरा गारठा आहे हं” असे म्हणून पंखा चारवरून दोनवर आणला की त्या घरापुरता हिवाळा लागला.

२. पोशाख, तथा पहिले शैक्षणिक साधन

आधी बंडी, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, वर आत्याने विणलेला स्वेटर, पायांत मोजे आणि शेवटी हनुवटीखाली बटण लागणारी कानटोपी. कानटोपी चढवायला दोन मोठी माणसे लागतात. काढायला बालक एकटे पुरते.

काढण्याची कृती जवळून पाहण्यासारखी असते. बालक आधी डोके सोफ्याला घासते. मग अंगठा हनुवटीखालच्या पट्टीत सरकवते आणि सगळा जोर लावून खाली ओढते, त्यामुळे टोपी वर न जाता डोळ्यांवर येते. सगळीकडे अंधार. बालक थबकते, विचार करते आणि या वेळी उलट्या दिशेने ओढते. टोपी निघते, केस उभे राहतात, बालक सभेकडे पाहून हसते. बोटांची पकड, दिशांचे ज्ञान, चुकले तर दुसरी युक्ती, हे सगळे एका टोपीत उरकले. आजी टोपी पुन्हा घालतील. घालू द्यावी, खेळाची दुसरी फेरी तिथूनच सुरू होते.

३. बाहेर पडण्याची वेळ

थंडीत मूल घरात कसे रमवावे यावर बर्फाळ देशांत पुष्कळ लिहिले जाते. आपले गणित वेगळे आहे. चार महिने पाऊस, पुढे-मागे घाम, म्हणजे मूल बाहेर न्यायचा खरा हंगाम हिवाळाच. आणि नेमकी तेव्हाच हवा बिघडते. समुद्रावरचा वारा मंदावतो, पहाटे जमिनीलगत गार हवा बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते, आणि बांधकामांची धूळ व ट्रकांचा धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो. २०२२ सालच्या हिवाळ्यात शहरातल्या वाईट हवेच्या बातम्यांत माझगाव वरचेवर झळकले. गावाचे नाव मोठे होणे म्हणतात ते हेच असावे.

तेव्हा “सकाळची ताजी हवा” ही आजोबांची कल्पना नम्रपणे बाजूला सारावी. मोबाइलवर हवेचा निर्देशांक पाहावा आणि तो बरा असेल तर दुपारी चारनंतर निघावे. तोवर उन्हाने झाकण उचललेले असते आणि समुद्राकडून थोडा वारा येऊ लागतो. निर्देशांक वाईट असेल तर सरळ कलम ५ कडे वळावे.

४. स्थलदर्शन

(अ) भंडारवाड्याची टेकडी. खाली पाण्याची टाकी, वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. काका बाप्टिस्टा माझगावचेच, टिळकांचे सहकारी आणि १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष. बागेत शिरताच बालकाने हात सोडवून स्वराज्य पुकारल्यास तो स्थानमाहात्म्याचा परिणाम समजावा.

येथून वडिलांनी गोदीकडे बोट करून “ती बघ क्रेन! तिथे युद्धनौका बांधतात!” असे सांगायची प्रथा आहे. माझगाव डॉकमध्ये ३०० टन उचलणारी गोलियाथ क्रेन आहे, हेही वडील सांगतील. बालक त्या वेळी मुंगळा पाहत असते. इथे या मार्गदर्शिकेतला सर्वात महत्त्वाचा नियम लागू होतो: बोट बालकाचे, शब्द आपले. मूल ज्याकडे आपणहून पाहत असते त्याचेच नाव कानावर पडले तर ते चटकन रुजते. मुंगळा चालू असताना क्रेन शिकवली तर दोन्ही हातचे जातात. क्रेन कुठे पळून जात नाही, मुंगळा जातो.

(आ) राणीची बाग. बुधवारी बंद असते, हे फाटकापाशी जाऊन शिकू नये. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली येथे आले. त्यांची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात, म्हणजे परिसरातला सर्वात भरवशाचा हिवाळा तिकीट काढून इथेच मिळतो. आत स्वेटर-कानटोपीतले बालक आणि उघडे पेंग्विन समोरासमोर येतात. बालकाने पेंग्विनला “काऊ” म्हटल्यास तक्रार करू नये. रंग बरोबर आहे, पक्षी हा वर्गही बरोबर आहे. दहापैकी सात गुण द्यावेत.

(इ) म्हातारपाखाडी. डिसेंबरच्या अखेरीस लाकडी जिन्यांच्या जुन्या घरांवर चांदण्या लागतात, नाताळचे गोठे सजतात. गाय, मेंढी, गाढव, बाळ, अशी तयार शब्दसंपदा मांडून ठेवलेली असते. गोठ्यातल्या बाळाच्या अंगात स्वेटर नाही, ही गोष्ट आजींच्या नजरेस आणून देऊ नये.

५. घरबसल्या अभ्यासक्रम

शैक्षणिक खेळण्यांचा महागडा संच घेण्याआधी जरा थांबावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या शंख-शिंपले, पाने, बिया अशा हाताशी सापडेल त्या साहित्यावर. माझगावात हिवाळ्यात हाताशी सापडते ते मटार.

पाव किलो मटार, एक ताट, एक वाटी. मोठ्यांनी शेंगेच्या टोकाला चीर पाडून द्यावी, बाकीचे बालकाने करावे. ते अंगठा आत घालते, शेंग फटकन उघडते, आतली रांग पाहून बालक “अय्या!” म्हणते, दुसऱ्या शेंगेलाही तेवढेच “अय्या!” म्हणते, विसाव्या शेंगेलाही. इतकी निष्ठा मोठ्यांत आढळत नाही. सोलून होते तेव्हा वाटीत थोडे, कपाटाखाली पुष्कळ. भाजी कमी पडेल, म्हणून बटाटा आणून ठेवावा.

दक्षता: वाटाणा घशात अडकू शकतो आणि नाकातही जातो. सोलण्यापासून झाडलोट होईपर्यंत मोठ्या माणसाने जागचे हलू नये. नाकात गेल्यास पिनेने काढायची मर्दुमकी न दाखवता डॉक्टर गाठावेत.

६. बोरन्हाण

हल्ली ‘सेन्सरी प्ले’ या नावाने मुलांना धान्यात आणि रंगीत तांदळात बसवण्याचे तासाप्रमाणे पैसे घेतात. आपल्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हा वर्ग घरोघरी भरतो. बालकाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवावे, औक्षण करावे आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा ओताव्यात.

अपेक्षित प्रगती अशी: चुरमुरा तरंगत येतो, बोर टणकन लागते, हे पदार्थविज्ञान. गळ्यातला हार चाटला तर गोड लागतो, हे रसायन. आपल्याच डोक्यावरचा माल शेजारची मुले झडप घालून फ्रॉकच्या ओच्यात भरून नेतात, हे अर्थशास्त्र. बालक भोकाड पसरते, तरीही “व्हिडिओ नीट आला नाही, परत ओता” असा आवाज येतो, हे समाजशास्त्र.

दक्षता: बोराची बी, शेंगदाणा, हरभरा, उसाचा तुकडा, यांतले काहीही लहानग्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकते. ओतताना बोरे मोजकी घ्यावीत, चुरमुरे सढळ. पडलेले सगळे मोठ्यांनी लगेच वेचावे. ते खाण्याची जबाबदारीही मोठ्यांनीच उचलावी.

७. शंकासमाधान

*मोबाइल दाखवला तर चालेल का?* जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवू नये आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, कमीच बरे. हे कोष्टक वडिलांना लागू नाही, म्हणूनच युद्धनौका दाखवताना त्यांचे अर्धे लक्ष खिशात असते.

*मूल कंटाळले तर?* आधी नक्की कोण कंटाळले ते तपासावे. विसाव्या शेंगेला “अय्या” म्हणणारा कंटाळलेला नसतो, एकविसावी सोलून देणारा असतो. त्याला उठवून शेजारच्या काकूंना बसवावे. सल्ला त्यांनी बसल्या बसल्या द्यावा, मात्र हात मटारात असावेत.