शेकडेवारीचा महिमा

दादरच्या रानडे रस्त्यावर एखाद्या सद्गृहस्थाच्या हातातील मोबाइल जेव्हा ‘३७ टक्के’ असे निःसंदिग्धपणे जाहीर करतो, तेव्हा त्या आकड्याच्या आत्मविश्वासापुढे आपण नतमस्तक व्हावे. कारण लिथियम-आयन बॅटरीतील शिल्लक विद्युत्भार प्रत्यक्ष मोजता येत नाही, तर आत शिरलेल्या व बाहेर पडलेल्या प्रवाहाचा जमाखर्च मांडून आणि अधूनमधून व्होल्टेजची साक्ष काढून तो केवळ अंदाजिला जातो. लोह-फॉस्फेट जातीत तर हा साक्षीदार मधल्या टप्प्यात ३.३ व्होल्टच्या आसपास एकच जबानी देत राहतो. आकडा तरीही अडखळत नाही!

शिवाय मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर उतरलेली बॅटरी सेवानिवृत्तीस पात्र समजण्याचा प्रघात आहे. ही कदरदानी दादरच्या उपकरप्राप्त इमारतींनाही लाभावी, अशी आमची नम्र दरखास्त आहे. पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतेच. तिच्या जोडीला प्रत्येक जिन्याखाली एक टक्केदर्शक बसवावा. काही चाळींचा आकडा कैक वर्षे एकावरच तिष्ठत राहील, परंतु भाडेकरूंना त्याची सवय आहे. तो शून्यावर केव्हा यावा, हे ठरविण्याचा अधिकार मात्र विकासकाने करारनाम्यात आधीच स्वतःकडे राखून ठेवला आहे.