पाठीला वारा लागतो!

आमच्या बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या घरांत पत्र्याची एक ट्रंक असतेच. ती उघडली की साड्या दिसायच्या आधी वास येतो तो वेखंडाचा. कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये वेखंडाचे तुकडे टाकलेले असतात, आणि घरात तान्हं मूल आलं की त्याच वेखंडाची कांडी सहाणेवर दोन वेढे फिरून गुटीत जाते. इरकलीची कसर आणि बाळाच्या पोटातला वारा, दोन्ही एकाच मुळीच्या अखत्यारीत. औषध हे एक खातं आणि कपडे हे दुसरं, अशी वाटणी आमच्याकडच्या बायकांनी कधी मान्यच केली नाही. समोर मुलगी दिसली की त्यांच्या मनात दोन प्रश्न जोडीनेच उठतात: हिला काय खायला घालू, आणि हिच्या अंगावर काय घालू?

बाळंतविडा बघा. खारीक, खोबरं, डिंक, बदाम, सुंठ. शेजारी झबलं, टोपरं, कुंची, दुपटं. आणि वर आईसाठी साडी. वाण्याचं बिल आणि कापडवाल्याचं बिल एकाच परातीत. बारशाच्या संध्याकाळी पोरगी ज्या कुंचीत मिरवते तिला बाहेरून जरीचे काठ, पण आतलं अस्तर आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं. मुलीच्या आयुष्यातला हा पहिला समारंभी पोशाख. स्वस्त, देखणा आणि न टोचणारा. हे तिन्ही गुण एकत्र असलेला कपडा तिला पुढे जन्मभर शोधावा लागतो.

पूर्वी मुलीला न्हाण आलं की मखरात बसवत. तीळ, गूळ, खोबरं, तूप यांचा मारा पोटात आणि नवं लुगडं अंगावर. बिचारीला त्या वेळी अख्ख्या गल्लीसमोर मिरवायची हौस आहे का, हे कुणी विचारत नसे. मग डोहाळजेवण आलं. हिरवी साडी आणि चांदण्यात बसायचं. दागिने फुलांचे, म्हणजे सोनं असलेलीचं आणि नसलेलीचं रूप त्या संध्याकाळपुरतं सारखंच. बायकांच्या आयुष्यातला प्रत्येक नटण्याचा प्रसंग असा एखाद्या पौष्टिक लाडवाला बांधलेला होता.

या दोन्ही खात्यांचं मुख्यालय बेळगावात शोधायचं तर शहापुरात जावं. 1948 पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगावला अगदी चिकटलेलं, पण राज्य पटवर्धनांचं. सीमाप्रश्नाची सवय आम्हाला अशी जुनी आहे. एकेकाळी काठाची साडी बघायला निघालं तरी राज्य बदलायचं. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणल्या गेल्या, आधी हातमागावर आणि आता बहुतेक यंत्रमागावर. त्याच शहापुरात 1933 सालापासून आयुर्वेद महाविद्यालय आहे. एका गल्लीत मागाची खटखट, दुसरीकडे काढ्यांचा अभ्यास. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच आहे. तिची सुरुवात 2006 ची. आमच्या आईच्या मते या कामाला सरकार जरा उशिराच जागं झालं.

काष्ठौषधीच्या दुकानात कधी तासभर उभं राहून बघावं. पोती, डबे, मागे भिंतभर खणांचं कपाट. एक बाई येते, आवाज खाली करते आणि म्हणते, "बाळंतीण हाय घरात." पुढे काही सांगावं लागत नाही. दुकानदार आत कुणाला तरी कन्नडमध्ये ओरडतो, बाईशी मराठीत बोलतो, आणि पुड्या बांधायला लागतो: अळीव, डिंक, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, सुंठ, पिंपळमूळ. मध्येच विचारतो, "पहिलटकरीण काय? दूध येतंय न्हवं?" तो हे इतक्या कोरड्या सुरात विचारतो की त्यात लाजण्यासारखं काही उरत नाही. पुडीला दोरा गुंडाळताना शेवटचा सल्ला फुकट मिळतो: "वाऱ्यात बसू देऊ नका."

वारा! आमच्या भागातल्या स्त्रीरोगशास्त्राचा सगळा डोलारा या एका शब्दावर उभा आहे. कंबर धरली? वारा लागला. डोकं दुखतंय? केस ओले ठेवून वाऱ्यात गेली होती. पाळीला पोटात कळ येते? फरशीवर अनवाणी फिरते, खालून गारवा चढतो. सकाळी उठून चिडचिड करते? त्याचं कारण मात्र मोबाइल.

यातलं किती खरं, हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा, कारण आजीबाईच्या बटव्याचं नुसतं कौतुक करणं सोपं असतं. शेक घ्या. पाळीच्या दुखण्यावर पोटाला ऊब दिली की बरं वाटतं, हे आजचे डॉक्टरही सांगतात. अळिवात लोह चांगलं असतं. डिंकाचा लाडू थकल्या अंगाला उष्मांक देतो. आणि लाडू कुणाला नको असेल तर आमच्या जिल्ह्यात गोकाकचा करदंट आहेच. तळलेला डिंक, गूळ, सुकामेवा. बाळंतिणीचा खुराक डब्यात भरून मिठाई म्हणून विकणारा आमचा जिल्हा. तो खायला बाळंत व्हावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

पण त्याच बटव्यात खोटी नाणीही होती. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, बाळाला पहिला चीक पाजायचा नाही, दारं-खिडक्या लावून धुरी द्यायची. बाळ खोकतंय, आई डोळे पुसतेय, आणि वर सगळ्यांचं म्हणणं की बाधा निघून चालली. आणि बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं, तर बटव्यातल्या कुठल्याही पुडीचं काही चालत नसे. त्याचं उत्तरही याच मातीत शोधलं गेलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांवर मिसोप्रोस्टोल या गोळीची चाचणी झाली. गोळी द्यायच्या त्या गावातल्या नर्सबाई. अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आमच्या खेड्यापाड्यांतल्या बाळंतिणी जगभरच्या डॉक्टरांच्या चर्चेत गेल्या. त्यांना स्वतःला हे कुणी सांगितलं की नाही, देव जाणे.

या दोन बाजूंच्या मधोमध मला नेहमी आनंदीबाई जोशी उभ्या दिसतात. 1886 साली फिलाडेल्फियात त्यांनी डॉक्टरकीच्या पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता हिंदू लोकांतलं प्रसूतिशास्त्र. आजीच्या ज्ञानावर नातीने परदेशात जाऊन प्रबंध लिहावा, आणि तोही साडी न सोडता! आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या तीन विद्यार्थिनींचा 1885 चा एक फोटो प्रसिद्ध आहे: जपानची किमोनोत, सीरियाची तिकडच्या वेषात, आणि आनंदीबाई साडीत. निपाणीपासून तासाभरावरच्या कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. त्या कामावर रुजू झाल्याच नाहीत. 1887 च्या फेब्रुवारीत, बाविशी गाठायच्या आतच, क्षयाने गेल्या.

त्या अमेरिकेत होत्या तेव्हा तिथल्या घराघरांत लिडिया पिंकहॅमबाईंचं बायकांसाठीचं टॉनिक चालत होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या या बाईंनी स्वयंपाकघरात उकळलेला काढा 1875 पासून बाटलीत भरून विकला, बाटलीवर स्वतःचा फोटो लावला, आणि बायकांना कळवलं की आपलं दुखणं मला पत्राने कळवा. त्या काढ्यात सुमारे 18 टक्के मद्यार्क होता. दारूबंदीच्या सभेहून परतलेल्या बायका तो चमच्याने घेत. आपण हसायचं कारण नाही. आपल्या अशोकारिष्टात, दशमूलारिष्टातही मुरताना मद्यार्क तयार होतोच, आणि एकादशीला साबुदाण्यातलं तेलही तपासून घेणाऱ्या आमच्या कितीतरी आज्या ते समभाग पाण्यातून घेऊन तृप्त मनाने झोपल्या आहेत. गंमत पुढेच आहे. पिंकहॅमबाई 1883 साली वारल्या. पण त्यांच्या नावाने पत्रं येत राहिली आणि कंपनी उत्तरंही देत राहिली. बायकांनाही बहुधा काढ्याइतकंच ते उत्तर हवं होतं. कुणीतरी विचारतंय, ऐकतंय, या भावनेने निम्मं दुखणं ओसरतं, आणि ते घटकद्रव्यांच्या यादीत छापता येत नाही.

ते विचारणारं कुणी नसलं तर काय होतं, ते निपाणीने पाहिलं आहे. तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळायला बसणाऱ्या बायकांना सव्वा महिना शेक-शेगडीची चैन कुठली! हात थांबला की रोज बुडाला. 1980 च्या सुमारास त्या संघटित झाल्या, आणि युगांतर या गटाने 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला. अळिवाचे लाडू वळायला वेळ लागतो, आणि वेळ हे बटव्यातलं सगळ्यात महाग औषध आहे. संघटनेतून बायकांनी मजुरी मागितली, तेव्हा एका अर्थी त्यांनी तेच औषध मागितलं.

आता कपड्यांकडे येते. पूर्वी परकर शिवताना खाली दोन-तीन दुमडी घालून ठेवत आणि पोरगी वाढेल तशी दरसाल एक उसवत. पोलक्याला आत माया सोडलेली असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, कुणाच्या वरातीला, सगळीकडे तोच परकर हजर. फक्त घोट्यापाशी जुन्या दुमडीची गडद रेघ दिसायची. कापड गुळेदगुड्डच्या खणाचं नाहीतर आईच्या जुन्या इरकलीचं. मुलगी वाढणार आहे, हे त्या कपड्याला आधीपासून ठाऊक असायचं. आजचा तयार झगा मुलगी वाढणार नाही, जेवणार नाही आणि शक्यतो बसणारही नाही, असं धरून शिवलेला असतो.

माझ्या भाचीचं रिसेप्शन निपाणीच्या एका कार्यालयात, डिसेंबरातल्या संध्याकाळी ठरलं. तिला हवा होता गाऊन. आईच्या माहितीतला गाऊन म्हणजे दूधवाला आला की वरून ओढणी घेऊन दाराशी जायचं तो; त्यामुळे सुरुवातीला घरात थोडी शांतता पसरली. मग फोटो बघितला. भाव बघितला. एका संध्याकाळसाठी एवढे पैसे घालायचे तर त्यात डिंक किती किलो येईल, हा हिशेब आईने तोंडी केला. भाड्याने मिळतो म्हटल्यावर तिने विचारलं, "कुणाच्या अंगचा?" शेवटी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारातून स्वस्तात कापड आणलं आणि खडेबाजाराच्या बाजूच्या शिंप्याकडे टाकलं.

ट्रायलच्या दिवशी भाची तो घालून आजीसमोर उभी राहिली आणि गोल फिरली. मागचा गळा चांगला कमरेपर्यंत खाली होता.

"काय गं, कापड कमी पडलं काय?"

"आजी, असंच असतं ते."

"डिसेंबरात? निपाणीत? पाठीला वारा लागतो की! उद्या बाळंतपणात कंबर धरली म्हणजे कळेल."

लग्न अजून व्हायचं होतं, पण आजीचं वेळापत्रक पुढे गेलेलं. तेव्हा भाचीने भिंतीवरच्या पणजीच्या फोटोकडे बोट दाखवलं. पणजी नऊवारीत, अंगात खणाची चोळी, पुढे गाठ मारलेली. "हिची चोळी कुठपर्यंत आहे बघ. पोट उघडं, पाठ निम्मी उघडी. हिला लागला नाही वारा?"

आई फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. तिला हरवणं सोपं नाही. "तिच्या कमरेला नऊ वार लुगडं होतं," ती म्हणाली, "आणि ओच्याला चंची. ओवा, सुंठ, सुपारी आणि चार पैसे. तुझ्या ह्यात ठेवायला जागा कुठाय?"

प्रश्न चोख होता, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं सार त्यात आहे. बायकांच्या चांगल्या कपड्याने वर्षानुवर्षं एक गृहीत धरलं होतं की आत एक शरीर आहे; त्याला भूक लागते, कळ येते, त्याला घरी परतायला भाडं लागतं. नऊवारीने ते ध्यानात ठेवलं. हजारो रुपयांच्या झग्याला विसर पडला. म्हणून मुलींना माझं सांगणं आहे की पाठ हवी तेवढी उघडी ठेवा. धुरी आणि पाणीबंदी खुशाल विसरा. हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्या. अळिवाचे लाडू मात्र कुणी करून देत असेल तर नाही म्हणू नका.

आणि शिंप्याला सांगा, खिसा ठेव. आमच्या शिंप्याने आधी "फिटिंग बिघडंल" म्हणून कुरकुर केली, मग डाव्या बाजूच्या शिलाईत असा बेमालूम बसवला की कुणाला दिसला नाही. रिसेप्शनला भाचीच्या त्या खिशात मोबाइल, दुखण्यावरची एक गोळी आणि आईने कोंबलेली ओव्याची पुडी होती. जेवणं झाल्यावर सोडा मागत फिरणाऱ्या नव्या नवऱ्याला ती पुडी मिळाली. स्त्रियांसाठीच्या औषधांचा पुरुषांना होणारा फायदा, हा मात्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे.