हे आपलं होतं का?

पुण्यातली संग्रहालयं पुणेकर पाहत नाहीत, पाहुण्यांना दाखवतात. दाखवतात म्हणजे रस्ता दाखवतात. "नातूबागेपाशी उतरा, कोणीही सांगेल," असं म्हणून स्वतः दुपारची झोप गाठतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयाशी माझं नातं याच जातीचं होतं. शाळेच्या सहलीत रांगेतून चालवत नेलं होतं, तेव्हा पुढच्या मुलाची कॉलर तेवढी नीट पाहून झाली होती.

त्यामुळे ताईनं फर्मान काढलं, तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. "सईला घेऊन जा कुठेतरी. मॉल नको, मोबाइल नको, काहीतरी शैक्षणिक." शैक्षणिक हा शब्द नेहमी सोबत न येणारी माणसं वापरतात. तिनं यादीही दिली : सकाळी केळकर, मग घोले रस्त्यावरचं महात्मा फुले संग्रहालय, दुपारी कोथरूडचं छोट्या रेल्वेचं. यातलं मधलं १८९० सालापासून उभं आहे, त्याला पूर्वी लॉर्ड रे यांचं नाव होतं. एवढी वर्षं थांबलंय तर आणखी एखादा महिना थांबेल, असा विचार करून मी ते परस्पर वगळलं.

सई दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. मराठी अक्षरं नुकतीच जुळायला लागल्यामुळे ती रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचते. बाजीराव रस्त्यावरून जाताना दवाखाने, क्लास आणि भाड्यानं मिळणाऱ्या खोल्या यांचं जाहीर वाचन करत आम्ही संग्रहालयात शिरलो. आत गेल्यावर तिला अर्थातच खजिना सापडला. इथे तर वस्तूगणिक पाटी.

"अ-ड-कि-त्ता. मामा, हे काय?"

"सुपारी कातरायचं. आपल्या आजीच्या घरी होता असा."

हे वाक्य मी सहज बोलून गेलो आणि पुढचा सगळा दिवस त्याची भरपाई करत राहिलो.

"मग इथे कसा आला?"

"हा तो नाही गं. हा वेगळा आहे."

"तुला कसं माहीत?"

या प्रश्नाला उत्तर नाही. समोर पितळी अडकित्ते, नक्षीचे अडकित्ते, प्राण्यापक्ष्यांच्या आकाराचे अडकित्ते. सुपारीचे दोन तुकडे करण्यासाठी माणसानं इतकी कल्पनाशक्ती खर्च करावी आणि शेवटी ते तुकडे थुंकून टाकावेत, हे फक्त आपल्याकडेच जमू शकतं. यातला एखादा आजीचा नसेलच, असं छातीठोक कोण सांगणार? सईनं मात्र त्या क्षणी संग्रहालयाचा अर्थ निश्चित केला : हरवलेल्या सामानाचं कार्यालय. आपण इथे शिकायला नव्हे, ओळख पटवायला आलो आहोत.

"पानाचा डबा. हे आपलं होतं का?"

"असाच होता."

"दौत?"

"आजोबांची होती."

"व-ज्री?"

"पाय घासायची. न्हाणीघरात असायची." वज्री म्हणजे टाच घासायचा खडबडीत तुकडा, पण इथल्या पितळी वज्र्यांच्या माथ्यावर पक्षी बसले आहेत, प्राणी उभे आहेत. आमच्या घरात टाचेसाठी खापराचा तुकडा होता. तरी मी "होती" म्हणालो. घराण्याची इभ्रत.

"मग हे सगळं गेलं कुठे?"

"मोडीत दिलं."

मोड म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. घरातलं तांबं-पितळ तराजूत घालायचं, वजनावर पैसे घ्यायचे किंवा त्या बदल्यात स्टीलचं नवं भांडं आणायचं. मधल्या काळात निम्म्या महाराष्ट्रानं हेच केलं. पितळेला कल्हई लावा, चिंचेनं घासा, यापेक्षा स्टील बरं, हे बायकांना कळलं आणि पिढ्यान् पिढ्यांची भांडी एका दिवाळीत साफ झाली. सईनं हे सगळं गंभीरपणे ऐकलं. "म्हणजे आजीनं विकलं," तिनं निकाल दिला, "आणि या काकांनी घेतलं."

काका म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, आणि निकालात फारशी चूक नव्हती. त्यांचं पुण्यात चष्म्याचं दुकान होतं. शिवाय ते कवी, 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे. चष्म्याचं दुकान आणि कविता या दोन्हींतून जे काही मिळत असेल ते त्यांनी जुन्या वस्तूंत घातलं. १९२० च्या सुमारास सुरुवात झाली आणि पुढची काही दशकं हा माणूस गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरत राहिला. पुण्यात चष्मा नसलेला माणूस विरळा. पण माळ्यावर पडलेल्या दिव्यात, दरवाजात, सोंगट्यांच्या पटात पाहण्यासारखं काही आहे, हे दिसलं चष्मे विकणाऱ्याला. वीस हजारांवर वस्तू जमल्या. त्यांतल्या जेमतेम अडीच हजार मांडता येतात, बाकीच्यांना जागा नाही. १९७५ मध्ये त्यांनी हा सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आमच्या घरात कोणी जुना पलंग दुसऱ्या भावाला द्यायचा म्हटलं तरी तीन बैठका होतात.

"पण मामा, राजा कुठे आहे? मुकुट तर दिसला नाही."

हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो. राजा हे त्यांच्या मुलाचं नाव, मी सांगितलं. एकुलता एक होता. सात वर्षांचा असताना गेला. त्याची आठवण म्हणून हे सगळं.

"मी पण सात."

"हो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळं त्याच्यासाठी? एवढे अडकित्ते? लहान मुलांना तर सुपारी देत नाहीत."

मला यावर काही बोलता आलं नाही. नशिबानं पुढे माशाच्या खवल्यांचं चिलखत आलं आणि मासे लढाई करायचे की नुसते अंगावर बसायचे, या चर्चेत आम्ही वरच्या मजल्याकडे सरकलो.

मस्तानी महालात मात्र तिला माझा संशय आला. बाजीरावांनी मस्तानीसाठी १७३४ मध्ये कोथरूडला महाल बांधला आणि त्याचे उरलेले भाग इथे आणून बसवले, हे मी सरळपणे सांगितलं होतं.

"आख्खं घर आणलं? मोडीतून?"

"मोडीतून नाही. जपून सुटं करून."

"टेम्पोतून?"

केळकर माझ्या जागी असते तर त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. मी टेम्पो कबूल केला.

शुक्रवार पेठेतून कोथरूडला जायला रिक्षा शोधणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पहिल्या रिक्षावाल्यानं मानेनंच नाही म्हटलं. दुसऱ्यानं "तिकडून भाडं मिळत नाही" असं ऐकवलं. कोथरूडची माणसंही रिक्षानं परत येतात हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. अठराव्या शतकात कोथरूड गावाबाहेर होतं, हे मान्य. पण काहींच्या मते ते अजून तिथेच आहे. तिसरा तयार झाला, तो घरी जेवायला निघाला होता म्हणून.

कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचं मंदिर आलं तेव्हा मी उत्साहानं म्हणालो, "तो महाल इथे होता बरं का."

सई रिक्षातून निम्मी बाहेर वाकली. "खड्डा कुठाय?"

रिक्षावाला पहिल्यांदाच हसला. "खड्डे पुढे आहेत, बाळ."

जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याला जी. ए. कुलकर्णींचं नाव दिलेलं आहे. नियतीनं घेरलेली, अंधारात चाचपडणारी माणसं ज्यांनी आयुष्यभर लिहिली, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर मुलं उड्या मारत खेळण्यातल्या गाड्या बघायला जातात. हे महानगरपालिकेनं ठरवून केलं असेल असं वाटत नाही, आणि म्हणूनच ते जी.एं.ना शोभतं.

भाऊ जोशींनी छंदातून उभं केलेलं हे छोटं गाव १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. गाव म्हणजे खरंच गाव : पूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, रोपवे, आणि या सगळ्यांतून वळणं घेत, सिग्नल पाळत धावणाऱ्या गाड्या. लहान मुलं पुढच्या रांगेत आणि मागे त्यांचे बाप, लहान मुलांपेक्षा जास्त माना काढून. आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते. ते रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत हे त्यांनी कोणीही न विचारता सांगितलं. मग निवेदनाला समांतर त्यांचं स्वतःचं निवेदन सुरू झालं. ही मालगाडी लूपवर घ्यायला पाहिजे होती. या वळणावर एवढा वेग चालणार नाही. इंजिन छान ठेवलंय, पण आमच्या वेळी याहून काळं असायचं.

"आजोबा, स्टेशनावर कोणी भांडत का नाहीये?" सईनं विचारलं.

"गाडी वेळेवर आहे ना," आजोबा म्हणाले. "भांडायचं कशावरून?"

मग दिवे मंदावले, गावात संध्याकाळ झाली, डब्यांच्या खिडक्या उजळल्या. मी खरोखर रंगून गेलो होतो. सई माझ्या कानाशी आली. "मामा, या जोशीआजोबांनी लहानपणापासून गाड्या जमवल्या?"

"हो, छंद होता त्यांना."

"म्हणजे यांच्या आईनं काहीच मोडीत दिलं नाही."

बाहेर आल्यावर तिनं माझा फोन मागितला. मोबाइल नको हा ताईचा नियम मी तिला आठवून दिला, तर म्हणाली, खेळायला नको, चौकशीला हवाय. आजीला लावला. स्पीकरवर. फूटपाथवर उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या साक्षीनं.

"आजी, अडकित्ता कुठाय?"

"कसला गं? तो होय, गेला कधीच."

"आणि पानाचा डबा?"

"मोडीत घातला. स्टीलची पातेली आणली त्याच्यात. अजून वापरतेय."

"आणि मामा म्हणाला तो अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब?"

"तोही दिला. तुझा मामा कशाला या चौकशा लावून देतो तुला?"

"आजी, केळकरकाकांनी अशा सगळ्या वस्तू जपून ठेवल्यात. वीस हजार. तू एक पण नाही ठेवलीस."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मी म्हटलं, चला, म्हातारी हळवी झाली.

"त्यांना सांग," आजी म्हणाली, "रोज पहाटे पाचला उठून त्या बंबातली राख कोण काढणार होतं? केळकर?"