शिर सलामत तर हेल्मेट पचास

पिट्सबर्ग,
रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "एवढं हेल्मेट घालतात, मग डोक्याला काय धाड भरलीय?" आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळे झालात. तुमच्या नातवाने ते वाक्य पाठ केलंय. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात नाव घालायचं म्हणून चिन्मय ते रोज जेवताना ऐकवतो. म्हणून हे लेखी उत्तर.

हेल्मेटने कवटी वाचते, कबूल. पण मेंदू कवटीच्या आत मोकळा हलतो. लोकलच्या गर्दीत तुमच्या स्टीलच्या डब्याला कधी पोचा आला नाही, पण ऑफिसात उघडलात की आमटी पोळ्यांत शिरलेली असायचीच ना? तसंच.

हे उघडकीला आलं तेही आमच्याच गावात. इथल्या स्टीलर्स संघाचा माइक वेबस्टर, चार सुपर बोल जिंकलेला गडी, 2002 साली पन्नाशीत गेला. शेवटी शेवटी तो बिचारा आपल्या ट्रकमध्ये झोपायचा. बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियन डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा आजार सापडला. 2005 मध्ये त्यांनी निबंध छापला, तर एनएफएलचे, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, डॉक्टर म्हणाले, मागे घ्या! मेंदूच्या इजांसाठी एनएफएलने 1994 मध्येच समिती नेमली होती. अध्यक्ष कोण? संधिवाताचे डॉक्टर. आई, तुझ्या गुडघ्यांना जे हवे होते, ते इथे डोकी बघत बसले होते.

पुढे हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. 2013 मध्ये साडेशहात्तर कोटी डॉलर द्यायचं ठरलं. चूक मात्र कबूल केली नाही. आपल्या सोसायटीची कमिटी इथेच शिकून गेली असावी.

आता नियमांचा पाऊस आहे. डोकं खाली घालून धडक दिली की पंधरा यार्डांचा दंड. मैदानाच्या कडेला निळा तंबू, आत तपासणी, आणि सोबत दोन्हींपैकी एकाही संघाच्या पगारावर नसलेला डॉक्टर. तरी 2022 मध्ये मायामीचा टुआ टॅगोवायलोआ भर मैदानात झोकांडला, पाठ दुखतेय म्हणत परत खेळला, आणि चारच दिवसांनी त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. मग नियम आला: मेंदूला मार लागून तोल गेला की त्या सामन्यापुरता बाहेर. 2024 पासून किकऑफलाही दोन्हीकडचे गडी समोरासमोर गुपचूप उभे राहतात. चेंडू खाली पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत हलायचं नाही. हेल्मेटवर जाड गादीची टोपी चढवायलाही सामन्यात परवानगी आहे. पण ती घालणारे थोडेच.

आमचे शेजारी स्टीलर्सचा पिवळा टॉवेल गरगरा फिरवत ओरडतात, "खेळाची पार वाट लावली!" मला एकदम तुम्ही दिसता, बाबा. 2014 मध्ये हायकोर्टाने दहीहंडी वीस फुटांवर आणि गोविंदा अठरा वर्षांवर आणला, तेव्हा अख्खी खेरवाडी ऐकेल असं तुम्ही म्हणाला होतात, "वीस फूट? एवढ्यावर तर आम्ही ट्यूबलाइट बदलायचो!" पुढे 2016 मध्ये काही पथकांनी निषेध म्हणून रस्त्यावर आडवं झोपून थर लावले, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्यात. आई मात्र देवापुढे हायकोर्टासाठी साखर ठेवत होती. बाबा, खालून थर बघणाऱ्याची फार तर मान अवघडते. डोकं फुटतं ते वरच्या एक्क्याचं. नियम नकोत म्हणणारे दोन्ही देशांत खालीच उभे असतात.

तर आमचा निर्णय असा: चिन्मय फ्लॅग फुटबॉल खेळेल. त्यात कुणाला पाडायचं नाही. कमरेला लावलेली पट्टी खेचली की गड्याची धाव संपली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे, क्रिकेटच्या बरोबरीने. पण चिरंजीव म्हणतात, हा लहान मुलांचा खेळ. आमचं ऐकणार नाहीत, आजोबांचं ऐकतील. तेव्हा येत्या रविवारी तुम्ही त्याला ठणकावून सांगा की पट्टी खेचायलाही छातीच लागते. आई, फोन स्पीकरवर ठेव आणि शेजारीच बैस; बाबा मध्येच पक्ष बदलतील.

तुमची,
सुमी