ताडपत्रीकाका

लग्न ठरलं की घरातली माणसं आपापल्या खात्याचा चार्ज घेतात. कुणी दागिन्यांचं बघतं, कुणी आहेराच्या याद्या करतं, कुणी रुसून बसायला बरी जागा हेरून ठेवतं. आमच्याकडे ताडपत्रीकाका आभाळाचं बघतात. त्यांचं खरं नाव पत्रिकेत 'आपले नम्र'च्या यादीत सातवं छापलेलं असतं, पण त्या नावाने त्यांना बँकेतसुद्धा कुणी हाक मारत असेल असं वाटत नाही.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर पाणी अडवलं, आता लग्नातलं अडवतात.

मुलीचं जमलं म्हणून पेढा पुढे केला की त्यांचा पहिला प्रश्न, "तारीख?" मुलगा काय करतो, घरचं कसं आहे, हे मागाहून. एप्रिलची तारीख ऐकली तर पेढा अर्धाच खातात. जूनची ऐकली तर अख्खा खातात आणि दुसराही उचलतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, त्याच्या आत उरलेले मुहूर्त गाठायला सगळ्यांची झुंबड, आणि ते मुहूर्त नेमके मृगावर येऊन टेकतात. "देवांना झोपायची घाई, तुम्हाला मुलं उजवायची घाई. मधल्यामध्ये पाऊस मी आवरायचा," असं ते कुरकुरतात. पण कुरकुरताना चेहरा कसा उजळलेला असतो!

छत्तीसातले किती गुण जुळले ते इतरांनी पाहावं. काका पंचांग उघडतात ते नक्षत्राचं वाहन पाहायला. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला तर पाऊस दणकून. कोल्हा, मेंढा निघाला तर निर्धास्त. गाढवाचा पाऊस बेताचा, तोही चालतो. एकदा त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन करून मोठ्या आपुलकीने सांगितलं, "काही काळजी करू नका, यंदा वाहन गाढव आहे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "अहो, पण आम्ही घोडा ठरवलाय."

हवामान खात्यावरही त्यांची श्रद्धा आहे, पण पंचांगाच्या खालोखाल. पहाटे पाचला कुटुंबाच्या ग्रुपवर ढगांचं उपग्रहचित्र पडतं. खाली कुणीतरी अर्धवट झोपेत हात जोडतं. 'उद्या ऑरेंज' एवढाच त्यांचा निरोप आला, तेव्हा घरातल्या चार बायका केशरी साड्या इस्त्री करून बसल्या होत्या.

पण काकांचं खरं रूप पाहायचं तर मांडववाल्यासमोर. मांडववाला म्हणाला, "काका, ताडपत्री एकदम वॉटरप्रूफ." काकांनी विचारलं, "म्हणजे आतलं पाणी बाहेर जाणार नाही, असंच ना?" मग पाठकोऱ्या कागदावर हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मांडव दहा बाय दहा मीटर. वीस मिलिमीटर पडला तर दोन हजार लिटर, म्हणजे दोन टन. "आता सांग, तुझा हा बांबू दोन टन पेलेल?" मांडववाल्याने बांबूकडे असं पाहिलं, जणू त्याची-आपली आजच ओळख होतेय. काकांचं म्हणणं चूक नसतं, हीच तर पंचाईत आहे. ताडपत्री सपाट ताणली की पाणी साचतं, साचलं की फुगा धरतो, फुगा धरला की आणखी साचतं. त्यावर उपाय एकच, मधलं आढं उंच घ्यायचं, दोन्हीकडे उतार द्यायचा आणि भोवती वीतभर चर खणायचा. हे सगळं त्यांनी करून घेतलं. वर कोकणातला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो म्हणून ती बाजू जाड कनातीने बंद केली. रस्ता त्याच बाजूला होता, 'सुस्वागतम'ची कमान तिथेच होती, हा भाग वेगळा. त्या लग्नाला दोनशे पाहुणे आचाऱ्याच्या बाजूने, कांद्याच्या सालींवरून आणि खरकट्या पातेल्यांना वळसा घालून आत आले. अत्तरदाणी घेऊन उभ्या असलेल्या मुली कनातीला अत्तर लावत राहिल्या.

हे लग्न २०२५च्या मे अखेरीचं, चिपळूणजवळचं. त्या साली मान्सून मुंबईत २६ मे रोजीच पोचला. एरवीची तारीख ११ जून, म्हणजे तब्बल सोळा दिवस आधी. बाकीच्यांचे चेहरे पडले, काका मात्र कुणी थोर माणूस पायधूळ झाडायला येतोय असा निरोप यावा तसे लगबगीने फिरत होते. खांद्याला त्यांची रेक्झिनची पिशवी. त्या पिशवीवर वेगळं लिहायला हवं. सुतळी, नायलॉनची दोरी, मेणकापडाचे तुकडे, कपड्यांचे चिमटे. भिजलेल्या बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं. समिधा ओल्या झाल्या तर होम पेटायला दोन पिशव्यांत गुंडाळलेला कापूर आणि तांदळाच्या डब्यात खुपसलेली काडेपेटी. आणि हॉटेलांच्या न्हाणीघरांतून वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या, फेट्यांवर घालायला. नवरदेव गाडीतून उतरला तो फेट्यावर तसली टोपी घालून. मुंडावळ्या टोपीच्या खालून लोंबत होत्या. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला आणि काकांनी लगेच कॅमेऱ्यालाही टोपी घातली.

फुगा काढण्यासाठी त्यांनी आम्हा भाचे-पुतण्यांचं एक पथक उभं केलं होतं. प्रत्येकाच्या हातात बांबू, ताडपत्री फाटू नये म्हणून टोकाला चिंध्यांचं बोंडूक. ढकलायचं ते उताराच्या दिशेने, हळूहळू, हे आदल्या रात्री तीनदा शिकवलं होतं. शेवटच्या मंगलाष्टकाला गुरुजींचा आवाज चढला, पावसाचाही चढला. पथकातला एक जण करवलीकडे बघत होता. बघता बघता त्याने बांबू उलट्या बाजूने लावला आणि फुग्यात साचलेलं दोनेक बादल्या पाणी थेट वरमाईंच्या पैठणीवर आलं. सकाळपासून त्या रुसायला कारण शोधत होत्या; चहा गरम होता, मानपान यथास्थित होतं, बिचाऱ्यांना काही सापडत नव्हतं. वाजंत्री थांबली. अंतरपाट धरणारे तसेच धरून राहिले. काका पुढे झाले, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "पाणी उताराकडेच गेलंय." मग पिशवीतून पंचा काढून वरमाईंच्या हातात दिला. त्या पंच्याला कापराचा वास येत होता.

काकूंना विचारलं तर त्या या सगळ्याचं मूळ एका वाक्यात सांगतात, "लहानपणी यांनी पातेल्याची खरवड खाल्ली आणि भोगतेय मी." खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो, हे आपल्याकडे प्रत्येक आजीने सांगितलेलं असतं. काकांचं लग्न डिसेंबरातलं. उघड्या अंगणात पंगत बसली, मसालेभात वाढून झाला आणि अवकाळी आला. जिलबीच्या पाकात पाणी, मठ्ठ्यात पाणी. सासरे डोक्यावर पत्रावळ धरून ओसरीकडे धावले, ते धावतानाच निसरून पडले. तेव्हापासून काका आभाळाकडे संशयाने बघतात. तुळशीच्या लग्नाला उसाच्या मांडवावरसुद्धा मेणकापड असतं.

अलीकडे त्यांचे दिवस बरे नाहीत. लग्नं बंद, गारेगार हॉलमध्ये होतात. परवा पुण्यात एका चुलत नातीचं लग्न होतं, भर जूनमधलं. बाहेर धो धो पाऊस, आणि आत त्याचा आवाजसुद्धा नाही. काका पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. वर नक्षीदार छत होतं, त्याला ना उतार, ना आढं. मला म्हणाले, "छान आहे हो हॉल." आवाज असा, जणू कुणाच्या तरी दहाव्याला आलेत.

आणि मग रुखवताच्या टेबलावर, साखरेच्या तुळशीवृंदावनाच्या शेजारी, टप्पकन एक थेंब पडला. काकांनी मान वर केली. दुसरा पडला. तोवर ते उठून उभे होते, पिशवीची चेन उघडलेली, एक चिमटा दातांत. हॉलचा मॅनेजर धावत आला, "काका, पाऊस नाही तो, एसी गळतोय."

"असू दे, असू दे," काका मेणकापडाची घडी उलगडत म्हणाले. "आधी बादली आण. आणि हे सांग, तुझ्या या छताला उतार कुठल्या बाजूला दिलाय?"