हुप्प्याचा पासपोर्ट फोटो

रत्नागिरीतल्या कुठल्याही जुन्या स्टुडिओत फोटोला बसलं की दोन हुकूम सुटतात. ‘इकडे बघा’ आणि ‘थोडं हसा’. मागे पांढरा पडदा, बाजूला छत्रीचा दिवा, कोपऱ्यात आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि सगळ्या तालुक्याच्या अंगात होईल असा एक काळा कोट. माणसाची पंचाईत दुसऱ्या हुकमाला होते. ऐनवेळी हसायचं कसं तेच आठवत नाही. त्याच स्टुलावर आपल्या बागेतला हुप्प्या बसवला तर त्याला दोन्ही हुकूम अपमानाचे वाटतील. वानरांत डोळ्याला डोळा भिडवून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि दात दाखवणं म्हणजे बहुधा घाबरल्याची कबुली. टोळीचा नायक स्टुडिओवाल्याच्या सांगण्यावरून अशी कबुली देईल, हे संभवत नाही.

तरी असे फोटो काढणारी माणसं जगात आहेत. जिल ग्रीनबर्ग या छायाचित्रकर्तीचं ‘मंकी पोर्ट्रेट्स’ 2006 साली आलं. तिची गिऱ्हाइकं म्हणजे सिनेमा-जाहिरातींत कामं केलेली, दिव्यांना सरावलेली माकडं. मागच्या बाजूने प्रखर प्रकाश सोडल्यामुळे केस अन् केस मोजून घ्यावा असा दिसतो. त्यातल्या एकाचा चेहरा थेट ताळेबंद न जुळलेल्या कारकुनाचा आहे.

त्याच्या दोन वर्षं आधी जेम्स मोलिसनने गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांचे अगदी पासपोर्टला लागतात तसे फोटो काढले. नुसता चेहरा, समोरून. पुस्तकाचं नाव ‘जेम्स अँड अदर एप्स’. छायाचित्रकारही जेम्सच, तेव्हा अर्थ ज्याने त्याने लावावा. पानं उलटताना आधी हसू येतं, कारण प्रत्येक चेहऱ्यात कोणी ना कोणी नातेवाईक सापडतो. मग कळतं की ही आफ्रिकेतल्या आणि इंडोनेशियातल्या आश्रयस्थानांत वाढलेली पोरकी जनावरं आहेत. कोणाची आई मांसासाठी मारली गेली, कोणाला पाळायला म्हणून पकडून नेलं होतं. त्यानंतर नातेवाईक शोधायचा खेळ आपोआप थांबतो.

हसण्याच्या बाबतीत एक अपवाद सांगायला हवा. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची काळी, शेंडीवाली माकडं दात दाखवतात ती मैत्रीत. डार्विनने 1872 सालच्या भावमुद्रांवरच्या पुस्तकात याच जातीच्या माकडाचं चित्र दिलं आहे, आणि हा चेहरा आनंदाचा आहे हे परक्याला ओळखू यायचं नाही, असंही नोंदवलं आहे. याच जातीच्या एका माकडाने 2011 साली डेव्हिड स्लेटर या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि स्वतःचा हसरा फोटो काढला. मग फोटो कोणाचा यावरून अमेरिकेत खटला उभा राहिला. 2018 साली न्यायालयाने सांगितलं की माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही. कोकणातल्या सामायिक जमिनीच्या दाव्यांच्या मानाने निकाल फारच लवकर लागला.

आपल्याकडे वानर स्टुडिओत आणायचं कोणी मनातही आणू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला धरून ठेवता येत नाही, आणि माकडांना खेळ शिकवून नाचवण्यावर 1998 पासून बंदी आहे, म्हणून तर माकडवाल्याची डुगडुगी गप्प झाली. तेव्हा फोटो काढायचा तो कौलांवर किंवा कुंपणावर, त्याच्या सवडीने. तिथेही कॅमेऱ्याची परीक्षाच असते. तोंड काळं कुळकुळीत आणि भोवती पांढुरक्या केसांची झालर. तोंड दिसावं म्हणून उजेड वाढवला की झालर जळते. झालर सांभाळली तर मधे नुसतं भोक दिसतं. पिल्लाचं प्रकरण आणखी निराळं. जन्मतः तोंड फिकट आणि अंग काळपट, काही महिन्यांत सगळं उलट. त्याचं आधार कार्ड काढलं असतं तर पहिल्या वाढदिवसाआधीच फोटो बदलायला रांगेत उभं राहावं लागलं असतं.

पण रत्नागिरीत वानराच्या चेहऱ्याची हौस कोणाला आहे? त्याला आपण एकेकटा म्हणून ओळखतच नाही, ओळखतो ती टोळी. कलमांवर राखणीला नेपाळहून आलेले गडी बसवायचे, डबे वाजवायचे, सुतळी बॉम्ब लावायचे, आणि एवढं करून टोळीने कैरीचा एकेक चावा घेऊन बाकीची खाली टाकायची. मी कुंपणाशी मोबाइल धरून उभा असताना शेजारचे बागायतदार म्हणाले, ‘‘अहो, काढताय तर नीट समोरून काढा, पंचनाम्याला लावतो. दरवेळी फोडलेल्या शहाळ्याचा फोटो आम्ही लावतो. आरोपीचा फोटो फायलीत नाहीच!’’ त्यांच्या ओटीवर मारुतीची तसबीर आहे, ताज्या हारासकट. तिच्याकडे पाठ करूनच ते गोफण फिरवतात. मला यात ढोंग दिसत नाही. देवाचं देवाला आणि आंब्याचं आंब्याला, असा कोकणी हिशेब आहे तो, आणि बागेवर कर्ज काढलेल्या माणसाला दुसरा परवडणारही नाही.

तुम्हाला वानराचा फोटो काढायचाच असेल तर एवढं सांभाळा. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. तुम्ही स्वतः दात दाखवून हसू नका. खायला काही देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळी टोळी फोटो काढून घ्यायला येईल. आणि हापूस दाखवून तर बोलावूच नका. पेटी कुठल्या खोलीत ठेवली आहे ते त्याला आधीच माहीत असतं.